अमेरिकेचं मोटोक्रॉस की युरोपचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल रेस. सुपरक्रॉस, म्हणजे तिचा अमेरिकेतला स्टेडियममधला अवतार, बघून या खेळाच्या नादी लागलेल्यांना युरोपातली जागतिक मालिका एमएक्सजीपी कंटाळवाणी वाटते. एमएक्सजीपीवर पोसलेले लोक सुपरक्रॉसला सर्कस म्हणतात. दोन्हीकडचे एका टेबलावर बसले की चहा गार होतो, पण वाद संपत नाही. त्या वादात दर वेळी निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझा कल कुठे आहे ते लपवलेलं नाही.

मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस एकच ना?

नाही, आणि पुढचं जवळजवळ सगळं या एका फरकावर उभं आहे.

मोटोक्रॉस उघड्या रानात होतं. डोंगरउतार, चढ, वाळू, चिखल, जे असेल त्यावर ट्रॅक आखलेला असतो आणि एका लॅपला साधारण दोन मिनिटं लागतात. सुपरक्रॉस स्टेडियममध्ये होतं. फुटबॉल किंवा बेसबॉलच्या मैदानावर ट्रकच्या ट्रक माती आणून टाकतात, एका रात्रीपुरता ट्रॅक बांधतात आणि रेस झाली की माती उचलून नेतात. लॅप मिनिटाच्या आसपास. एकामागोमाग एक उड्या, तीन टेकाडं एका झेपेत पार करायचे ट्रिपल, आणि व्हूप्स, म्हणजे लागून लागून असलेले मातीचे उंचवटे, ज्यांच्या फक्त माथ्यांवरून गाडी पळवावी लागते. तिथे पुढचं चाक एकदा खाली बसलं की रायडर हँडलवरून पलीकडे.

आपल्याकडच्या वाचकाला सांगायचं तर मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती. अंग तेच, डाव बरेचसे तेच, पण मातीतला पैलवान पहिल्याच दिवशी मॅटवर रुळेल असं नाही.

मोटोक्रॉसचं मूळ ब्रिटनमध्ये. १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्ली इथे झालेल्या 'स्क्रॅम्बल'पासून त्याचा इतिहास मोजतात. सुपरक्रॉस मात्र अस्सल अमेरिकी पीक. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉलिसियममध्ये स्टेडियममधली पहिली मोठी रेस झाली आणि ती मार्टी ट्राइप्स नावाच्या १६ वर्षांच्या पोराने जिंकली.

दोन्हीकडच्या मुख्य मालिका कोणत्या?

युरोपात एमएक्सजीपी, म्हणजे एफआयएमची (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाची) जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा. ५०० सीसी वर्गात १९५२ पासून युरोपीय आणि १९५७ पासून जागतिक विजेतेपद दिलं जाऊ लागलं. एमएक्सजीपी हे नाव २०१४ चं. वर एमएक्सजीपी (४५० सीसी) आणि खाली एमएक्स२ (२५० सीसी) असे दोन वर्ग. मार्च ते सप्टेंबर, वीसेक फेऱ्या, बहुतेक युरोपात आणि काही अर्जेंटिना, चीन, ऑस्ट्रेलिया अशा लांबच्या देशांत.

अमेरिकेत एकाच वर्षात दोन हंगाम होतात. जानेवारी ते मे सुपरक्रॉसच्या १७ फेऱ्या. त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवडे श्वास घ्यायला, की मेअखेर ते ऑगस्टअखेर प्रो मोटोक्रॉसच्या ११ फेऱ्या. तिथले लोक त्याला नुसतं 'आउटडोअर्स' म्हणतात. २०२३ पासून या दोन्हींच्या शेपटाला सुपरमोटोक्रॉसच्या तीन निर्णायक फेऱ्या (प्लेऑफ) जोडल्या. झाल्या ३१. एवढं वेळापत्रक दुसऱ्या कुठल्या मोटरसायकल रेसिंगमध्ये असेल असं मला वाटत नाही, आणि हाडं मोडण्याच्या बातम्या तिकडून इतक्या का येतात याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

रेसची पद्धत सारखीच असते का?

मोटोक्रॉसमध्ये गाभा सारखाच. दिवसाला दोन रेस, त्यांना 'मोटो' म्हणतात. प्रत्येक मोटो ३० मिनिटं अधिक दोन लॅप. चाळीस गाड्यांचं गेट, म्हणजे सुरुवातीची रांग. जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०. दोन्ही मोटोंचे गुण मिळवून ओव्हरऑल विजेता ठरतो, आणि बरोबरी झाली तर दुसऱ्या मोटोत पुढे असलेला जिंकतो. नवख्या प्रेक्षकाचा इथेच गोंधळ उडतो. एकाने पहिली जिंकली आणि दुसरीत दुसरा आला, दुसऱ्याचं नेमकं उलटं झालं, तर दोघांचे ४७ गुण. पण चषक दुसरी मोटो जिंकणाऱ्याचा.

फरक आहे तो आठवड्याच्या शेवटाचा. अमेरिकेत सराव, लॅपच्या वेळेवरून पात्रता आणि दोन्ही मोटो एकाच दिवसात, शनिवारी उरकतात. युरोपात कार्यक्रम शनिवार-रविवार चालतो. शनिवारी पात्रतेची छोटी रेस होते आणि तिच्यावरून रविवारी गेटवर कोण कुठे उभा राहणार ते ठरतं. २०२३ पासून त्या रेसमधल्या पहिल्या दहांना १० ते १ असे गुणही मिळू लागले, म्हणजे एका वीकेंडला जास्तीत जास्त ६० गुण. मला हा बदल फारसा रुचलेला नाही. शनिवारची रेस पूर्वी रायडर थोडं राखून चालवत. आता तीही जिवावर उदार होऊन चालवावी लागते.

ट्रॅक खरंच इतके वेगळे असतात?

हो. आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

अमेरिकी ट्रॅक रुंद आणि वेगाचे असतात. रेसच्या आधी माती खोलवर नांगरतात, भरपूर पाणी मारतात. सकाळी लोण्यासारखी दिसणारी ती माती दुपारपर्यंत लांबच लांब खोल चाकोऱ्यांनी भरून जाते. एका वळणात पाच-सहा चाकोऱ्या, आणि चुकीची धरली तर बाहेर पडायला वाट नाही. मिशिगनमधल्या रेडबडला जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास जत्रा भरते. तिथली 'लारोकोज लीप' ही सुमारे १२० फुटांची उडी पार केली की सगळा डोंगर ओरडतो. कोलोरॅडोतलं थंडर व्हॅली सहा हजार फुटांहून उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा दमही तुटतो आणि माणसाचाही. मॅसॅच्युसेट्सच्या साउथविकला वाळू.

युरोपात एकाच्या तोंडवळ्यासारखा दुसरा ट्रॅक नाही. चेक प्रजासत्ताकातलं लोकेट डोंगराच्या कुशीत, टणक आणि निसरडं. स्वीडनचं उद्देवाला कातळांच्या मधल्या खोऱ्यात. इटलीत मॅजोरा, इंग्लंडात मॅटर्ली बेसिनचे हिरवे उतार. आणि बेल्जियममधलं लोमेल. लोमेलची वाळू ही वेगळीच चीज आहे. साउथविकची वाळू काही फुटांनंतर टणक तळाला लागते, लोमेलला तळ सापडतच नाही. अर्ध्या तासात वाळूच्या अशा लाटा उठतात की टीव्हीवर बघतानाही पाठ दुखते. तिथे गाडी सतत गॅसवर ठेवावी लागते आणि वजन मागे. बेल्जियम-हॉलंडची पोरं त्यातच लहानाची मोठी होतात, म्हणून जेफ्री हर्लिंग्ससारखा डच रायडर वाळूत उतरला की बाकीचे दुसऱ्या क्रमांकासाठी भांडतात.

नामूर आता कॅलेंडरवर नाही, पण त्याच्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. बेल्जियममधल्या त्या किल्ल्याच्या टेकडीवर झाडांच्या मधून, फरसबंदी रस्ता ओलांडून, एका कॅफेच्या दारावरून रेस जायची. तिथली शेवटची ग्रां प्री, म्हणजे जागतिक स्पर्धेची फेरी, २००७ मध्ये झाली.

मग वेगवान कोण, अमेरिकी की युरोपीय?

प्रश्न 'कोण'पेक्षा 'कुठे आणि कधी' असा विचारला तर उत्तर सापडतं.

१९६६ मध्ये एडिसन डाय नावाच्या व्यापाऱ्याने हुस्कवार्ना गाड्या खपाव्यात म्हणून स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनला अमेरिकेत आणलं. तेव्हा युरोपीय रायडर तिथल्यांना लॅपच्या लॅप मागे टाकायचे. रॉजर डी कॉस्टर हा बेल्जियन, ५०० सीसीचा पाच वेळा जगज्जेता, अमेरिकेतली ट्रान्स-एएमए मालिका १९७४ ते १९७७ अशी सलग चार वर्षं जिंकून घरी जायचा. अमेरिकन पोरं बघून बघून शिकली. १९७३ मध्ये जिम पोमरॉयने स्पेनमध्ये ग्रां प्री जिंकली, हा अमेरिकेचा पहिला विजय. १९८२ मध्ये ब्रॅड लॅकी ५०० चा आणि डॅनी लापोर्ट २५० चा जगज्जेता झाला.

पण १९९४ मध्ये बॉबी मूरने १२५ सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं, त्यानंतर एकाही अमेरिकन रायडरला ते मिळालेलं नाही. ते कमी पडतात म्हणून? नाही. ते तिकडे जातच नाहीत. पैसा, प्रसिद्धी, गाड्यांच्या कारखान्यांचे करार, सगळं सुपरक्रॉसमध्ये आहे. हिवाळाभर अमेरिकन रायडर छोट्या बांधीव ट्रॅकवर उड्यांचा रियाज करतो. त्याच काळात युरोपीय रायडर सार्डिनियाच्या किंवा स्पेनच्या वाळूत मोटोमागून मोटो चालवत असतो. उन्हाळ्यात दोघांना एकत्र आणलं तर कोणाचा हात बसलेला असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

२०१७ मध्ये हर्लिंग्स मोकळ्या वीकेंडला अमेरिकेला गेला, इंडियानातल्या आयर्नमनची शेवटची फेरी चालवली आणि ओव्हरऑल जिंकून परत आला. युरोपवाले अजून हे उदाहरण खिशात घेऊन फिरतात. त्यावर अमेरिकावाल्यांचं म्हणणं असं, की आमची पोरं तोवर अठ्ठावीस फेऱ्या चालवून पिळून निघाली होती. दोघांचंही खरं आहे.

मोटोक्रॉस ऑफ नेशन्समध्ये तर समोरासमोर येतात ना? तिथला निकाल काय?

तिथला इतिहास एखाद्या मालिकेसारखा आहे. १९४७ मध्ये हॉलंडच्या वासेनारला ही स्पर्धा सुरू झाली. आता प्रत्येक देशाचे तीन रायडर, प्रत्येकाच्या दोन रेस. सहा निकालांपैकी सगळ्यात वाईट एक सोडून द्यायचा, आणि उरलेल्या क्रमांकांची बेरीज ज्यांची सर्वात कमी ते जिंकले. एकाचा दिवस वाईट गेला तरी चालतं, दोघांचा गेला की संपलं.

१९८१ मध्ये अमेरिकेत कुणाला या स्पर्धेत रस नव्हता. होंडाने आपले चार रायडर पाठवले: डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा, चक सन आणि डॉनी हॅन्सन. व्यवस्थापक होता तोच रॉजर डी कॉस्टर. ही दुय्यम फळी आहे म्हणून युरोपात हसले. त्या पोरांनी आधी लोमेलच्या वाळूत २५० सीसीची देशादेशांमधली स्पर्धा जिंकली, आणि पाठोपाठ जर्मनीत बीलश्टाइनला मुख्य स्पर्धा. तिथून १९९३ पर्यंत सलग तेरा वर्षं चषक अमेरिकेकडे राहिला. १९८६ मध्ये मॅजोराला ओमाराने १२५ सीसीच्या गाडीवर बसून ५०० चा जगज्जेता डेव्हिड थॉर्पला मागे टाकलं. चौपट मोठ्या इंजिनाला हा पोरगा चढावर कसा गाठतो ते बघताना आजही विश्वास बसत नाही.

१९९४ मध्ये ब्रिटनने स्वित्झर्लंडमध्ये ती साखळी तोडली. पुढे २००५ ते २०११ असे सलग सात चषक पुन्हा अमेरिकेचे. आणि मग मोठा दुष्काळ. २०१२ मध्ये लोमेललाच जर्मनी जिंकली. २०१४ ते २०१८ फ्रान्सने सलग पाच नेले, त्यातला शेवटचा तर खुद्द रेडबडला, यजमानांच्या अंगणात. २०२२ मध्ये त्याच रेडबडला टोमॅक, सेक्स्टन आणि जस्टिन कूपर या तिघांनी अमेरिकेला तेविसावा चषक मिळवून दिला. २०२४ आणि २०२५ मध्ये मात्र बाजी मारली ऑस्ट्रेलियाने. अमेरिका की युरोप म्हणून आपण भांडत बसलो आणि तिसराच येऊन चषक घेऊन गेला.

युरोपातले चांगले रायडर अमेरिकेला का जातात?

पैशासाठी आणि नावासाठी. सुपरमोटोक्रॉस सुरू झालं तेव्हा एकूण बक्षिसांची रक्कम एक कोटी डॉलरच्या वर जाहीर झाली, आणि त्यात ४५० च्या विजेत्याला दहा लाख डॉलर. एमएक्सजीपीत जिंकणारा कमावतो ते मुख्यतः कारखान्याच्या करारातून.

रस्ता घालून दिला ज्याँ-मिशेल बेल या फ्रेंच रायडरने. १९८८ आणि १९८९ मध्ये दोन जागतिक विजेतेपदं खिशात घालून तो अमेरिकेला गेला, आणि १९९१ मध्ये एकाच वर्षात सुपरक्रॉस, २५० मोटोक्रॉस आणि ५०० मोटोक्रॉस ही तिन्ही विजेतेपदं घेतली. प्रेक्षक हुर्यो करायचे, तो गालात हसायचा. मग कंटाळा आला म्हणून रोड रेसिंगला निघून गेला! त्याच्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग अल्बर्टिन, जर्मनीचा केन रॉकझेन, फ्रान्सचे मार्व्हिन मुस्कँ, डिलन फेरँडिस, टॉम व्हिआल अशी रांगच लागली. लॉरेन्स बंधूही ऑस्ट्रेलियाहून आधी युरोपात रेस करायला आले आणि मग अमेरिकेत. धाकट्या जेटने २०२३ मध्ये ४५० वर्गातल्या पहिल्याच आउटडोअर हंगामात बावीसच्या बावीस मोटो जिंकल्या. असा निष्कलंक हंगाम त्याआधी फक्त रिकी कारमायकल आणि जेम्स स्ट्यूअर्ट यांनी केला होता.

सगळ्यांचं जमतंच असं नाही. स्पेनचा होर्हे प्राडो २०२३ आणि २०२४ चा एमएक्सजीपी विजेता. अमेरिकेतलं पहिलं वर्ष त्याला जड गेलं. चोविसाव्या वर्षी व्हूप्स शिकायला घेणं म्हणजे चाळिशीत तबला शिकण्यासारखं आहे. येतो, पण बोटं कुरकुरतात.

आणि उलट दिशेने कुणी जात नाही?

क्वचित. रायन व्हिलोपोटोने सलग चार वर्षं (२०११ ते २०१४) सुपरक्रॉस जिंकल्यावर २०१५ मध्ये एमएक्सजीपी गाठलं. थायलंडची फेरी जिंकली, इटलीत पडला, जखमी झाला आणि त्याच वर्षी निवृत्त. झॅक ऑस्बोर्नची गोष्ट जास्त मजेची. अमेरिकेत डाळ शिजेना म्हणून तो काही वर्षं युरोपात राबला, परत आला आणि २०२० चा अमेरिकन ४५० विजेता झाला.

२५० वर्गात वयाची अट असते म्हणतात, ते काय?

एमएक्स२ मध्ये २३ वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर मोठ्या वर्गात जा, नाहीतर दुसरं काही बघा. अमेरिकेत वयाची अट नाही. त्यामुळे तिशीच्या जवळ आलेला अनुभवी माणूस आणि अठराचा पोरगा एकाच गेटवर दिसतात. युरोपातली अट कडक आहे. पगाराची खुर्ची नसताना माणूस वर ढकलला जातो आणि कधीकधी गायबच होतो. तरीही मला तीच बरी वाटते, कारण खालून येणाऱ्याला जागा होते.

गाड्या तरी सारख्या असतात?

लांबून. १९८६ पासून अमेरिकेत 'प्रॉडक्शन रूल' आहे: फ्रेम, इंजिनाचा मुख्य सांगाडा हे शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीचंच हवं. मोजक्या सवलती मिळतात; १९९७ मध्ये लास वेगासला डग हेन्रीने यामाहाच्या चाचणीतल्या फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉस जिंकलं ते अशाच सवलतीत, आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरले. जागतिक स्पर्धेत मात्र बाजारात न आलेली गाडीही उतरवता येते. म्हणूनच जपानी कारखाने नवं इंजिन, नवी फ्रेम आधी एमएक्सजीपीत तपासतात. डुकाटीनेही आपली ४५० आधी इटलीच्या राष्ट्रीय स्पर्धेत आणि मग २०२५ मध्ये पूर्ण हंगामासाठी एमएक्सजीपीत आणली.

स्वतःच्या खर्चाने रेस करणाऱ्याला कुठे बरं?

अमेरिकेत. व्हॅनमध्ये गाडी टाकायची, वडील नाहीतर मित्र मेकॅनिक, रात्रभर व्हॅन चालवत पुढच्या गावाला. त्रास आहेच, पण सगळं एका देशात. एमएक्सजीपीत लांबच्या देशांत गाडी पाठवण्याचा खर्च अशा माणसाला झेपत नाही, त्यामुळे तिकडच्या फेऱ्यांना चाळीसचं गेट निम्मंच भरलेलं दिसतं. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेला ते शोभत नाही.

गाडीवरच्या नंबरांचा काय हिशेब?

अमेरिकेत नंबर कमवावा लागतो. विजेत्याला १, बाकीच्यांना कामगिरीनुसार. युरोपात रायडर आपला आवडता नंबर जपतो: कैरोलीचा २२२, हर्लिंग्सचा ८४, गाइसरचा २४३. गुणांत पुढे असलेल्याची नंबरपाटी दोन्हीकडे लाल.

महाराष्ट्रात यातलं काही बघायला मिळतं का?

प्रत्यक्ष बघायचं तर पुण्यात. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली, परदेशी आणि भारतीय रायडर एकाच ट्रॅकवर. आयोजकांनी निवडलं ते अमेरिकी धाटणीचं स्टेडियम सुपरक्रॉस, हे लक्षात घ्या. तिकीट लावून शहरात रेस दाखवायची तर तेच सोयीचं.

घरबसल्या बघायचं तर कधी?

एमएक्सजीपी आपल्या सोयीचं. युरोपातल्या उन्हाळी फेऱ्यांत मोठ्या वर्गाची पहिली रेस रविवारी आपल्या पावणेपाचच्या सुमारास आणि दुसरी पावणेआठच्या आधी, म्हणजे जेवणाआधी मोकळे. अमेरिकन आउटडोअर्स शनिवारी रात्री साडेदहानंतर सुरू होतात; कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनकडची फेरी असेल तर मध्यरात्र उलटते. सुपरक्रॉसच्या बहुतेक फेऱ्या रविवारी पहाटे साडेपाच-साडेसहाला. मुख्य रेस त्यानंतर दोन-अडीच तासांनी असते, म्हणजे आठच्या सुमारास उठलात तरी चालेल. फक्त उठल्या उठल्या मोबाइल उघडू नका, निकाल आधी दिसतो.